सोडा म्हणजे नक्की काय सोडा

सुरुवात वासाने झाली. बाबांनी गाडी लावली, मी दार उघडून उतरले आणि काहीतरी जळल्याचा, धातू आणि गोंद एकत्र तापल्यासारखा वास नाकात गेला. आधी वाटलं शेजारच्या गाडीचा असेल, जळका वास आपल्याच गाडीचा आहे हे पहिल्या झटक्यात कोण मान्य करतं. बाबा उतरून पुढून वळसा घालत डाव्या चाकापाशी थांबले, चाकाला हात न लावता नुसता तळहात जवळ नेला आणि म्हणाले, "अगं, इस्त्रीसारखं तापलंय हे." उजव्या चाकाजवळ हात नेला तर ते जेमतेम कोमट. आणि मग अगदी सहज, किल्ली माझ्या हातात देता देता, "शेवटी शेवटी पॅडल पण मऊ लागत होतं मला."

मी मनात म्हटलं, गुडघ्याचं दुखणं आहे, पायाला कळत नसेल नीट. हे मी तोंडाने बोलले नाही एवढंच त्यातल्या त्यात बरं.

खरं तर लक्षणं आठ-दहा दिवस दिसत होती. गाडी डावीकडे ओढत होती, मी त्याचं खापर टायरमधल्या हवेवर फोडलं. हवा सारखी करून घेतली तरी ओढतेय म्हटल्यावर रस्त्याच्या उतारावर फोडलं. पेट्रोल जास्त खातेय ते एसीवर. सपाट जागेवर न्यूट्रलला टाकून सोडली की पूर्वी जरा तरी सरकायची, आता जागच्या जागी थांबते, त्याचं तर मला कौतुकच वाटलं होतं की बघा, हँडब्रेक न लावता पण कशी शहाण्यासारखी उभी राहते. डाव्या चाकाची रिम उजव्यापेक्षा काळी पडली होती, ब्रेकच्या भुकटीने. तेही पुसलं मी, दोनदा. पुसताना प्रश्न पडला नाही की एकाच चाकावर एवढी भुकटी का.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याच्या तीन आठवडे आधी मी स्वतः, घरी, एकटीने पुढचे ब्रेक पॅड बदलले होते आणि दिसेल त्याला सांगत सुटले होते. म्हणजे पॅड नवे, डिस्क चांगली, आणि तरी ब्रेक चिकटतोय. "नवे पॅड टाकलेत ना, मग ब्रेकचं काही नसणार" असं मी चक्क मोठ्याने म्हणाले. प्रत्यक्षात नवे पॅड टाकले म्हणूनच चिकटत होता, पण हे कळायला रविवार उजाडायचा होता.

ब्रेक धरतो कसा हे सगळ्यांना ढोबळ माहीत असतं. पायाने दाब द्यायचा, नळीतलं ऑइल तो दाब चाकापर्यंत नेतं, तिथला पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला आवळतो. पण सोडतो कसा? मला वाटायचं आत एखादी स्प्रिंग असेल. ड्रम ब्रेकला असतातच, चांगल्या जाड. डिस्क ब्रेकच्या साध्या कॅलिपरमध्ये (पिस्टन आणि पॅड धरून डिस्कवर बसणारा तो धातूचा पंजा) मात्र पिस्टनला मागे ओढणारी एकही स्प्रिंग नसते, आणि हे वाचलं तेव्हा मी अर्धा तास आकृत्याच बघत बसले. मागे ओढतो कोण, तर एक रबराची रिंग. तेच सील जे ऑइल बाहेर येऊ देत नाही. ही रिंग गोल दोरीसारखी नसते, कापली तर चौकोनी दिसते, आणि कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसून पिस्टनला घट्ट मिठी मारून असते. पॅडल दाबलं की पिस्टन पुढे जातो पण रिंग त्याला सोडत नाही, तिची आतली कड पिस्टनबरोबर पुढे ओढली जाते, रबर पिळलं जातं. पॅडल सोडलं की दाब जातो, रबर आपल्या मूळ आकाराला येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरचा काही अंश मागे घेऊन येतं. बस, तेवढंच. तेवढ्या केसभर जागेवर चाक मोकळं फिरायचं की पॅड घासत राहायचे हे ठरतं. पॅड झिजत गेले की पिस्टन रबराच्या पिळापेक्षा जास्त पुढे जातो, मग तो रिंगमधून थोडा घसरतो आणि नव्या जागेवरून तोच खेळ पुन्हा. म्हणून डिस्क ब्रेकला ड्रमसारखं ॲडजस्ट करत बसावं लागत नाही. एका चौकोनी रबराने तीन कामं करायची, गळती थांबवायची, मागे ओढायचं, झीज भरून काढायची. ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याला माझा दंडवत.

आता यात बिघडतं काय ते बघा. पॅड झिजत जातात तसा पिस्टन वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत जातो. बाहेर आलेल्या भागावर फक्त एक पातळ रबरी डस्ट कव्हर असतं. ते फाटलं, कडेने सुटलं की पाणी, चिखल, भुकटी आत, आणि पिस्टनच्या त्या भागावर गंज धरतो. तोवर काही त्रास नाही, कारण गंजलेला भाग सीलच्या बाहेर आहे. मग एक दिवस कुणीतरी हौशी बाई नवे जाड पॅड आणते, ते बसावेत म्हणून क्लॅम्प लावून पिस्टन मागे दाबते, आणि तो सगळा खरबरीत गंज बरोबर सीलच्या मिठीत नेऊन ठेवते. आता रबर कितीही ओढू दे, पिस्टन मागे येत नाही. मला दाबतानाच तो जड जात होता, मी क्लॅम्प अजून दोन आटे पिळला. फाटलेलं कव्हर दिसलंही होतं, पण "नंतर बघू".

मऊ पॅडलचा संबंध मात्र मला लगेच लागला नाही. तो असा होता. ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते मुळात ऑइल नाही, बहुतेक गाड्यांमध्ये ते ग्लायकॉलच्या घराण्यातलं द्रव असतं आणि हवेतला ओलावा शोषून घ्यायची त्याला खोड असते. डबा बंद असताना डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. सतत घासणारा पॅड कॅलिपर तापवतो, कॅलिपर ऑइल तापवतो, जुनं ओलसर ऑइल आतल्या आत उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली की दबते, द्रवासारखी अडून बसत नाही. म्हणजे बाबांचा पाय बरोबर सांगत होता. गाडी थंड झाल्यावर मी पॅडल दाबून बघितलं तेव्हा वाफ पुन्हा द्रव झालेली, पॅडल ठीक, आणि मी निष्कर्ष काढला की गुडघा. आमचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते कुणालाच आठवत नव्हतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या टाकीतलं काळपट, जुन्या डबक्यासारखं झालं होतं.

तर पहिला रविवार. मागच्या चाकांना अडण्या लावल्या, जॅकने उचलून गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी तिथून निघून जाते). बाबांना म्हटलं, पॅडल एकदा जोरात दाबा आणि सोडा. सोडल्यावर चाक हाताने फिरवलं तर फिरेना. आता खरा प्रश्न, कोण सोडत नाहीये? इथे मला कुणीतरी फार पूर्वी सांगितलेली एक चाचणी आठवली आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मी केलेली एकमेव हुशार गोष्ट तीच. कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचं बारीक तोंड, पाव आटा सैल करायचा. निपल उघडताच ऑइल चुर्रकन बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे, दाबच नळीत अडकून पडलाय. मग संशय रबरी होज पाइपवर. हे होज बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून फुगतात, सोलवटतात, आतली चामडी पडद्यासारखी लोंबते. पाय जोरात दाबतो म्हणून ऑइल जाताना पडदा ढकलून जातं, परत येताना मागे तेवढा जोर नसतो, पडदा मिटतो आणि ब्रेक धरून राहतो. होज चांगला असेल तर त्याच्याही मागे, मास्टर सिलिंडरपर्यंत जायचं, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या पंपापर्यंत, तिथली परतीची बारीक वाट बुजलीय का किंवा त्याचा दांडा पूर्ण मागे येतोय का बघत. आणि निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर दाबाचा काही संबंध नाही, लोखंडच लोखंडाला अडलंय.

आमचं जामच राहिलं. चार थेंब आले आणि चाक ढिम्म. दोन मिनिटांची चाचणी, आणि त्याने होज, मास्टर सिलिंडर, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर सगळे एका दमात निर्दोष सुटले. (निपल उघडताना एक सांगते, साधा उघडा पाना लावू नका. ते गंजलेले असतात, नाजूक असतात, कोपरे गोल होतात नाहीतर मुंडकंच तुटून हातात येतं. गंज सैल करणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवावा आणि सहा कोनांचा सॉकेट वापरावा. मी हे पुस्तकी ज्ञान सांगत नाहीये, उजव्या निपलचे दोन कोपरे अजून साक्षीला आहेत.)

कॅलिपर उतरवायला घेतला तर वरची गाइड पिन बोटाने ओढली तशी आली, खालची हलेना. आमचा कॅलिपर तरंगता, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, तो आतला पॅड ढकलतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्यामुळे पिना सरकल्या नाहीत तर पिस्टन नवाकोरा असला तरी उपयोग नाही. जुने पॅड मी टाकले नव्हते, ते काढून बघितले. डाव्या बाजूचे दोन पॅड एकसारखे झिजलेच नव्हते, एक पत्र्याला टेकत आलेला आणि दुसऱ्यावर चांगला निम्मा माल शिल्लक, तोही तिरका, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ. तीन आठवड्यांपूर्वी मी हेच पॅड हातात घेऊन "वा, वेळेत बदलले" म्हणाले होते.

खालची पिन शेवटी आली, पाना, स्प्रे आणि शिव्या यांच्या मदतीने. तिच्यावरची रबरी बाही फुगून ढोबळी झाली होती. गंज नव्हता, उलट भरपूर ग्रीस होतं, पिवळंधमक, बेअरिंगचं. ते कुणी लावलं? मीच, मागच्या वर्षी, "एवढं उघडलंच आहे तर जरा वंगण देऊ" म्हणून. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं, तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही पातळ थराने. म्हणजे पिन माझ्या प्रेमाने जाम झाली आणि पिस्टन माझ्या नव्या पॅडने. गाडीने बिचारीने स्वतःहून काही केलंच नव्हतं.

पिस्टन बाहेर काढायला लोक कॉम्प्रेसरची हवा मारतात. तो गोळीसारखा सुटतो, बोट मध्ये असेल तर बोट जातं. त्यापेक्षा घरचा शांत उपाय म्हणजे कॅलिपर होजला जोडलेलाच ठेवायचा, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा धरून ठेवायचा आणि पॅडल हळूहळू दाबायचं, ज्या दाबाने तो रोज पुढे जातो त्याच दाबाने त्याला पूर्ण बाहेर बोलवायचं. मी दोन्ही बाजू करायच्या ठरवल्या होत्या, एकाच बाजूचा ब्रेक नवा असला की गाडी पुन्हा ओढणारच. फक्त यात एक मेख आहे, दाब आळशी असतो, तो सोप्या वाटेने जातो. उजवा पिस्टन चांगला होता, तो आधी निघाला असता तर सगळं ऑइल तिथून वाहून गेलं असतं आणि जाम डावा तसाच आत राहिला असता. म्हणून उजव्याला क्लॅम्प लावून अडवलं आणि बाबांना पॅडल दाबायला सांगितलं. पाच-सहा वेळा दाबल्यावर डावा कुरकुरत, अंगावर गंजाचे खड्डे मिरवत बाहेर आला. वरचा चकचकीत मुलामा जागोजागी उडालेला. पॉलिश पेपर मारावा का असं क्षणभर वाटलं, पण मुलामा गेलेल्या पिस्टनला घासून नवं करता येत नाही, खड्डे मोठे होतात आणि नवं सील महिनाभरात खराब. नवे पिस्टन आणि सील किट मागवलं. त्यात आठवडा गेला.

दुसरा रविवार. जोडणीबद्दल फार सांगत नाही, ती सोपी आणि कंटाळवाणी असते. सीलची खाच लाकडी काडीने साफ केली, पेट्रोल-रॉकेल जवळ फिरकू दिलं नाही, नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं, पिस्टन अंगठ्याने सरळ दाबला तर लोण्यासारखा आत गेला. होजच्या बोल्टला तांब्याचे नवे वायसर. कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने टांगला. दोन्ही कॅलिपर टेबलवर शेजारी शेजारी, धुऊन पुसून, हुबेहूब जुळ्या भावंडांसारखे दिसत होते आणि मी त्यांचा फोटो काढला. तो फोटो पुढे कामी येणार होता.

आता एअर काढायची. इथे एक छोटं गणित केलं होतं, ते सांगते. मास्टर सिलिंडरचा व्यास समजा २० मिलिमीटर, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१ चौरस सेंटिमीटर. कॅलिपरचा पिस्टन ५० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ १९.६. सव्वासहा पट, म्हणून पायाचा जोर चाकापाशी तेवढ्या पटीने वाढतो, पॅडलच्या तरफेचा आणि बूस्टरचा फायदा वेगळाच. पण पिस्टनला पुढे जायचंय किती, समजा मिलिमीटरचा पाचवा भाग. त्याला लागणारं ऑइल ०.४ मिलिलीटर. काही थेंब! आता त्या नळीत कुठेतरी २ मिलिलीटर हवा अडकलीय असं धरा. ती दबून नाहीशी होईपर्यंत मास्टर सिलिंडरला साडेसहा मिलिमीटर उगाच पुढे जावं लागतं, आणि पॅडलची तरफ पाचपट धरली तर पायाखाली तब्बल तीन सेंटिमीटरचा स्पंज. एवढ्याशा हवेने. हे गणित करण्याआधी मला वाटायचं की स्पंजी पॅडल म्हणजे लिटरभर हवा शिरली असणार.

तर बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, मी चाकापाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पद्धत अशी की पॅडल दाबून धरायचं, मी निपल उघडणार, ऑइल आणि बुडबुडे बाहेर, मी निपल बंद करणार, मगच पॅडल वर येऊ द्यायचं.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा हं. सोडते."

आणि बाबांनी सोडलं.

"अहो तुम्ही का सोडलंत!"

"तूच म्हणालीस सोड."

"मी म्हटलं सोडते. मी सोडते. निपल."

"बरं. मग मी कधी सोडायचं?"

"मी सोडा म्हटल्यावर."

"आणि तू सोडलंस की काय म्हणणार?"

एकदा असं झालं की काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाऊ शकते, कारण पॅडल वर येताना निपल उघडा असतो. मग आम्ही भाषाच बदलली. 'सोडा' या शब्दावर बंदी. मी म्हणणार "दाबा", ते म्हणणार "तळाला", मी निपल बंद केल्यावर म्हणणार "पाय वर". याने काम झालं. तळ म्हणजे खरा तळ नव्हे, पॅडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पलीकडे आतल्या भिंतीवर गंज आणि घाण साचलेली असते, हवा काढण्याच्या नादात पॅडल फरशीला टेकवलं की त्याचं सील त्या खरबरीत भागावरून जातं आणि चांगला मास्टर सिलिंडर त्या दिवसापासून गळायला लागतो.

टाकीत ऑइल ओतत राहायचं, ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. ओतताना थोडं फेंडरवर सांडलं. लगेच पाणी मारलं तरी तिथला रंग मऊ झाला आणि आता एक डाग आहे, आकार साधारण बदामासारखा.

चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. सगळ्यात लांबचं चाक आधी हा नियम लोक सांगतात, तो बऱ्याच गाड्यांना लागू पडतो आणि बऱ्याच गाड्यांना नाही. आमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, असतं तर त्याच्या ब्लॉकमध्ये हवा अडकण्याची वेगळी चिंता, कधी कधी ती स्कॅनर जोडून पंप चालवल्याशिवाय निघत नाही.

चारही चाकं झाली. नळीतून स्वच्छ ऑइल, एक बुडबुडा नाही. मी विजयी मुद्रेने पॅडल दाबलं आणि ते उशीत पाय रुतल्यासारखं अर्ध्यावर गेलं.

पुन्हा एक फेरी. पुन्हा उशी. तिसरी फेरी संध्याकाळी, टॉर्चच्या उजेडात, बाबांचा गुडघा आता खरंच दुखायला लागलेला. रात्री अंथरुणात पडून मी मास्टर सिलिंडर शोधत होते, ऑर्डर करायच्या बटणावर अंगठा होता, पण माझ्याच मागच्या रविवारच्या चाचणीची लाज वाटली. कुठे बिघडलंय हे न विचारता काय बदलू हे विचारायला मी पुन्हा लागले होते.

सकाळी उठून आधी पॅडलला नीट विचारलं. पाय तसाच दाबून ठेवला तर ते हळूहळू खाली जातंय का? नाही. तसं गेलं असतं तर कुठेतरी गळती किंवा मास्टर सिलिंडर आतल्या आत पाठ दाखवतोय. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येतंय का? हो, जरा येतंय आणि जरा कडक पण होतंय. म्हणजे हवा, किंवा कुठेतरी जास्तीची फट, मागचे ड्रम सैल असतील तरी असं होतं. पॅडल दगडासारखं आणि गाडी थांबत नाही असं असतं तर बूस्टर. मग दोन्ही पुढच्या रबरी होजना क्लॅम्प लावले, गोल जबड्याचे, त्याच कामाचे. साध्या पकडीने होज आवळला तर आतली चामडी फाटते आणि वर सांगितलेला लोंबता पडदा आपणच तयार करतो. क्लॅम्प लावून पॅडल दाबलं, वर आणि टणक. मास्टर सिलिंडर बरा, मागची चाकं बरी. डावा क्लॅम्प काढला, मऊ. तो परत लावून उजवा काढला, तितकंच मऊ.

दोन्ही बाजू, अगदी सारख्या मऊ. हे मला पटेना. एका बाजूला हवा राहिली तर समजू शकते, पण दोन्हीकडे मोजून मापून सारखी?

बाबा म्हणाले आज मी खाली बसतो, तू वर बस, गुडघा दुमडून पॅडल दाबवत नाही आता. स्टूल घेऊन चाकापाशी बसले, चष्मा चढवला. मी सीटवर बसून वाट बघतेय तर खालून काही आवाजच नाही. मग म्हणाले, "अगं, ही नळी खाली पडतेय सारखी."

"निपलवर नीट खोचा."

"खोचली. पण निपलच खाली आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे होज वर आहे आणि निपल खाली. आणि हवा तर वर जाते, नाही का?"

मी उतरले, वाकून बघितलं आणि काही बोलले नाही. फोनमधला तो फोटो काढला, टेबलवरची जुळी भावंडं. त्यातल्या डाव्याला मी उजवीकडे बसवलं होतं आणि उजव्याला डावीकडे. दोन्ही एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब, बोल्ट बसतात, पॅड बसतात, पिना बसतात, सगळं बसतं, फक्त निपल जो सगळ्यात वर असायला हवा तो सगळ्यात खाली जातो. आतली हवा वरच्या कप्प्यात आरामात बसलेली आणि आम्ही दोघं तीन फेऱ्या खालच्या तोंडाने शुद्ध नवंकोरं ऑइल काढत होतो. म्हणून नळीत बुडबुडा दिसत नव्हता! होज लावताना तो जरा पिळल्यासारखा वाटला होता, मी म्हटलं नव्या वायसरमुळे असेल.

पुढचं सगळं दोन तासांत झालं. कॅलिपर आपापल्या घरी, वायसर पुन्हा नवे (जास्तीचे मागवून ठेवले होते, योगायोगाने), निपल वर. पहिल्याच दाबाला नळीतून एवढे बुडबुडे गेले की बाबा खालून मोजायलाच लागले. चौथ्या-पाचव्या दाबाला मला पायाखाली ते जाणवलं, थोडासा मोकळा प्रवास आणि मग एकदम भिंत. सीटवर बसलेल्या माणसाला हे जसं कळतं तसं चाकापाशी बसलेल्याला कळत नाही. मी आधीच्या सगळ्या फेऱ्यांत चाकापाशी होते आणि बाबांना दर वेळी विचारत होते, "आता कसं वाटतंय?" आणि ते दर वेळी म्हणत होते, "मऊच आहे गं." आणि मला दर वेळी थोडा गुडघ्याचा संशय होता.

पॅडल दाबून धरून इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली गेलं, ते जायलाच हवं, बूस्टर जिवंत असल्याची ती खूण. सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून, जोरात दाबून, पुन्हा पुसून बघितले. चाक हाताने फिरवून सोडलं तर पॅडचा हलका सरसर आवाज करत जवळजवळ पूर्ण फेरा मारून थांबलं. मग मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून, दाबत सोडत, दाबत सोडत. नंतर जरा वेगाने. सरळ थांबली, ना डावीकडे ना उजवीकडे.

संध्याकाळी बाबांनी स्वतः चालवली, वीसेक किलोमीटर, मी शेजारी. परत आल्यावर ते उतरले आणि पुढून वळसा घालून डाव्या चाकापाशी थांबले, तळहात जवळ नेला. मग उजव्यापाशी. मग पुन्हा डाव्यापाशी.

"डावं जरा गरम वाटतंय."

मी जाऊन हात नेला. दोन्ही कोमट, सारखीच.

"बाबा, पश्चिमेची बाजू आहे ती. येताना सगळं ऊन डाव्या अंगाला होतं."

"असेल," ते म्हणाले, आणि पाच मिनिटांनी मी खिडकीतून बघितलं तर पुन्हा खाली उभे होते, चाकापाशी वाकून.